त्रिमितीय संगणक ग्राफिक्स : पुस्तकांच्या आधारे केलेला स्वाध्याय

स्मरणिकेसाठी लेख मागविताना संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना एक सूचना केली होती. आठवणींचे लेख पुष्कळ येतात. ज्यांना एखादे शास्त्र किंवा कला साधली आहे, त्यांनी ती आजच्या विद्यार्थ्यांना व पालकांना समजेल अशा भाषेत मांडावी, असे त्या पत्रात होते. ती सूचना मानून आम्ही हा लेख लिहीत आहोत. आम्ही म्हणजे याच वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलेले तिघे विद्यार्थी. संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय चित्रे उभी करण्याची विद्या आम्ही मुख्यतः पुस्तकांतून शिकलो, आणि त्या शिकण्यात कोणत्या जागी अडखळलो हे आम्हांला अजून नीट आठवते.

लिहिण्याचे निमित्त आणखी एक आहे. दरवर्षी शाळेच्या वर्धापनदिनी भेटणारे पालक हाच प्रश्न विचारतात. मुलाला ॲनिमेशनचे वेड आहे, शहरातल्या क्लासची फी मोठी आहे, पतसंस्थेतून कर्ज काढावे काय? आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी असे कर्ज काढले होते. त्या क्लासमध्ये कोणत्या मेनूत कोणते बटण आहे हे शिकविले गेले. दोन वर्षांनी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, बटणांच्या जागा बदलल्या, आणि कर्जाचे हप्ते मात्र तेच राहिले. प्रत्येक क्लास असाच असतो असे आम्हांला म्हणायचे नाही. पण बटणाच्या मागे काय घडते ते त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगणारी पुस्तके ग्रंथालयांत पडून होती, एवढे खरे.

आता मूळ विषयाकडे येतो. संगणकाचा पडदा सपाट असतो. त्यावर पिक्सेल नावाचे बारीक ठिपके ओळींत मांडलेले असतात, आणि प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यायचा एवढेच संगणकाला ठरवायचे असते. त्रिमितीय वस्तू मात्र त्याच्या स्मृतीत चित्र म्हणून नसते. संख्यांच्या यादीच्या रूपाने असते. प्रत्येक शिरोबिंदूसाठी तीन संख्या : किती उजवीकडे, किती वर, आणि किती दूर. या यादीवरून सपाट पडद्यावरील ठिपक्यांचे रंग काढणे, हाच या शास्त्राचा सगळा व्याप. बाकीची हजार पाने त्याच कामाच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी यथार्थदर्शनाची. येथे बहुतेक नवशिके घाबरतात, कारण पुस्तकात या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर मोठी सूत्रे दिसतात. वस्तुतः दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोण ज्याला कळले, त्याला ही पायरी कळली. आपल्यापैकी बहुतेकांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले आहे. दारातून आत पाहिले की दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ स्तूपाकडे जाताना एकमेकांजवळ सरकत असल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात रांगा समांतर आहेत. असे समजा की आपण मधोमध उभे आहोत, उजवी रांग आपल्यापासून ३ मीटर उजवीकडे आहे, आणि स्तंभ ३, ६, ९ व १२ मीटर अंतरांवर आहेत. (ही मापे हिशेबाच्या सोयीसाठी घेतली आहेत, लेणीची नव्हेत.) डोळ्यापुढे १ मीटरवर एक काच धरली, तर त्या काचेवर स्तंभ कोठे दिसेल? समरूप त्रिकोणांच्या गुणोत्तरावरून उत्तर सरळ आहे : उजवीकडचे अंतर भागिले समोरचे अंतर. पहिला स्तंभ ३ भागिले ३, म्हणजे मध्यापासून १ मीटरवर, दुसरा अर्ध्या मीटरवर, तिसरा ०.३३ वर; चौथा ०.२५ वर. स्तंभांमधले प्रत्यक्ष अंतर सारखेच, पण काचेवर ते प्रथम ०.५०, मग ०.१७, मग ०.०८ असे आक्रसत जाते. रांग कितीही लांबविली तरी हा भागाकार शून्याजवळ जातो, शून्य कधी होत नाही. चित्रकार ज्याला विलोपबिंदू म्हणतात तो हाच.

हे गणित आम्ही वहीत केले आणि आलेख कागदावर चौदा बिंदू मांडून रेघा जोडल्या, तेव्हा कागदावर खरोखर एक दालन उघडले. तोवर संगणकाला हातही लावलेला नव्हता. पुस्तकावरून शिकणाऱ्याने पहिले चित्र हाताने काढावे, हा आमचा आग्रह तेव्हापासूनचा आहे.

संगणकाला हात लावल्यावर चुका सुरू झाल्या. वसतिगृहातील जुन्या संगणकावर टर्बो सी होते. त्यात हाच भागाकार लिहिला आणि सारे स्तंभ मध्यभागी एकाच रेघेत उभे राहिले. कारण सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक टाकून दिला जातो. ३ भागिले ६ याचे उत्तर तेथे शून्य येते. पहिला स्तंभ तेवढा जागेवर होता. पुढे वस्तू फिरविण्याची वेळ आली. साइन व कोसाइन आम्हांला अंशांत ठाऊक होते. सी भाषेला ते रेडियनमध्ये हवे असतात. आम्ही ९० दिले. संगणकाने ९० रेडियन समजून घन सुमारे ११७ अंशांनी फिरविला. चित्र चुकले हे दिसत होते, का चुकले हे दिसत नव्हते, आणि पुस्तकाला विचारता येत नाही.

पुस्तकाला विचारता येत नाही ही स्वाध्यायाची खरी अडचण आहे. तिच्यावर आम्हांला एकच उपाय सापडला : ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न सूत्राला विचारणे. उजवीकडे एक घर असलेला बिंदू ९० अंशांनी फिरविला तर तो वर एक घर गेला पाहिजे. सूत्रात आकडे घालून तसे होते का ते पाहावे. एका पुस्तकाच्या स्वस्त पुनर्मुद्रणात वजाचे एक चिन्ह गळाले होते. आम्ही चार दिवस आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो, कारण छापील पुस्तक चुकू शकते हे मनाला पटत नव्हते. पाचव्या दिवशी ही साधी परीक्षा केली आणि चूक कागदावर सापडली. त्या दिवसानंतर कोणतेही सूत्र परीक्षा केल्यावाचून आम्ही वापरले नाही.

दोन पुस्तके एकत्र वाचण्यातही एक खड्डा आहे, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवशिका पडतो. वस्तू सरकविणे, फिरविणे, लहानमोठी करणे ही सर्व कामे मॅट्रिक्सच्या गुणाकाराने होतात. मॅट्रिक्स म्हणजे संख्यांची चौकट. त्रिमितीय कामात ती चार ओळी व चार स्तंभांची असते. बिंदूच्या संख्या उभ्या मांडल्या तर मॅट्रिक्स डावीकडे येतो, आडव्या मांडल्या तर उजवीकडे येतो, आणि एका पद्धतीतील चौकट दुसऱ्या पद्धतीत उलथून घ्यावी लागते. दोन्ही रीती बरोबर आहेत. त्यांची सरमिसळ चूक आहे. या विषयातील सर्वांत मान्यवर ग्रंथ फोली व व्हॅन डॅम यांचा. त्याच्या १९८२ च्या पहिल्या रूपात बिंदू आडवे मांडले होते, आणि १९९० साली 'कॉम्प्युटर ग्राफिक्स : प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस' या नावाने तो नव्याने आला तेव्हा ते उभे झाले. त्याच लेखकांचे दोन ग्रंथ, आणि मांडणी उलट! शिवाय कोणी झेड-अक्ष वाचकाकडे येणारा धरतो, कोणी दूर जाणारा. कोणी उंची वाय-अक्षावर मोजतो, कोणी झेडवर. म्हणून पुस्तक उघडताच त्याच्या संकेतांची एक छोटी नोंद वहीच्या पहिल्या पानावर करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण आमच्या मते पुस्तकातील कोणत्याही प्रकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

गुणाकाराचा क्रम का पाळावा लागतो, हे मात्र पुस्तकापेक्षा प्रार्थनेच्या मैदानावर लवकर कळते. ध्वजस्तंभाजवळ उभे राहा. आधी उजवीकडे वळा आणि चार पावले चाला. मग परत या, आधी चार पावले चाला आणि मग उजवीकडे वळा. दोन वेळा आपण दोन निराळ्या जागी उभे असतो. सरकविणे आणि फिरविणे यांची अदलाबदल करता येत नाही, एवढेच गणित त्या प्रकरणात आहे.

आमचे पहिले मोठे काम म्हणजे स्तूप. आकार ओळखीचा होता आणि साध्या घनाकृतींचा बनलेला होता : खाली मेधीचा वृत्तचिती, त्यावर अंडाचा अर्धगोल, वर हर्मिकेची चौकोनी पेटी, आणि तिच्या मध्यावर छत्रावली. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा माथा काहीसा सपाट आहे. आम्ही तो पूर्ण अर्धगोल धरला. संगणकाला गोल ठाऊक नसतो. त्याला त्रिकोण ठाऊक असतात. तेव्हा अर्धगोलाचे पृथ्वीच्या गोलावरील रेखांश-अक्षांशांसारखे तुकडे करावे लागतात. सभोवार २४ भाग आणि खालून वर ६ पट्टे केले, तर सहा कड्यांवरचे १४४ आणि शिखराचा एक असे १४५ बिंदू होतात. खालच्या पाच पट्ट्यांत चौकोन येतात, प्रत्येकाचे दोन त्रिकोण. वरच्या पट्ट्यात थेट त्रिकोणच. एकूण २६४. बिंदू मोजावे लागत नाहीत; साइन व कोसाइन ते काढून देतात. पहिल्यांदा रेघांचा हा स्तूप पडद्यावर फिरू लागला तेव्हा रात्रीचे दिवे मालविण्याची वेळ झाली होती. रेक्टर सरांनी त्या दिवशी अर्धा तास सवलत दिली, याची येथे कृतज्ञ नोंद करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो भन्तेजींना दाखविला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण स्तूपाच्या मागची बाजू स्तूपातून कशी दिसते?"

आम्ही गप्प झालो. आम्हांला रेघांची सवय झाली होती. त्यांना दगडी स्तूप हवा होता. त्यांनी विचारलेला प्रश्न हा या शास्त्रातील सर्वांत जुन्या व अवघड प्रश्नांपैकी एक आहे, हे पुस्तकाचे पुढचे प्रकरण उघडल्यावर कळले. १९७४ साली सदरलँड, स्प्राउल व शूमेकर या तिघांनी त्यावरच्या तब्बल दहा रीतींची तुलना करणारा निबंध लिहिला होता. नुसती ठिपके-रेघांची चित्रे असेतो हा प्रश्न लपून राहतो. पृष्ठभाग भरू लागले की जवळचे काय, दूरचे काय, कोणी कोणाला झाकायचे, हे संगणकाला सांगावे लागते.

एक सोपी रीत आहे. आपल्याकडे नाटकाचा पडदा रंगविणारा कलाकार करतो तीच. आधी आकाश, त्यावर डोंगर, त्यावर झाड, शेवटी झाडापुढचे माणूस. दूरचे त्रिकोण आधी रंगवावेत, जवळचे नंतर. जवळच्याचा रंग दूरच्याला आपोआप झाकतो. स्तूपासाठी हे चालले. पण बुरुडाने विणलेली टोपली डोळ्यांपुढे आणा. एक कांब दुसरीच्या वर, दुसरी तिसरीच्या वर, आणि तिसरी पुन्हा पहिलीच्या वर. यातली सर्वांत दूरची कोणती? कोणतीच नाही. तेथे ही रीत थांबते, आणि कांबी तोडून त्यांचे तुकडे करावे लागतात.

दुसरी रीत झेड-बफरची. एडविन कॅटमल यांनी ती १९७४ साली यूटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली; हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. या रीतीत त्रिकोणांचा क्रम लावायचाच नाही. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यासाठी एक नोंद ठेवायची : आतापर्यंत येथे जे रंगविले ते डोळ्यापासून किती दूर होते. नवा त्रिकोण त्या ठिपक्यावर आला की अंतर तपासायचे. जवळ असेल तर रंग व नोंद दोन्ही बदलायची, दूर असेल तर सोडून द्यायचे. टोपलीचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण निर्णय कांबीबद्दल होत नाही, ठिपक्याबद्दल होतो. इतकी साधी कल्पना आधीच्या लोकांना का सुचली नसेल असे वाचताना वाटते. कारण स्मृतीची किंमत. आम्हांला ती किंमत स्वतः मोजावी लागली म्हणून समजली. पडदा ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपक्यांचा. प्रत्येक नोंदीला दोन बाइट धरले तरी ६,१४,४०० बाइट झाले. टर्बो सीमध्ये साध्या रीतीने केलेली एक यादी ६५,५३६ बाइटांपलीकडे जात नसे. पुस्तकातले उत्तम उत्तर आमच्या संगणकात मावत नव्हते.

येथे पुस्तकाची खरी थोरवी कळली. त्याच प्रकरणात पुढे काही पानांवर, जुनी म्हणून आम्ही ओलांडून गेलो होतो अशी, पडद्याची एकेक आडवी ओळ घेऊन काम करण्याची रीत होती. सगळा पडदा एकदम कशाला? एका ओळीच्या ६४० नोंदींना १,२८० बाइट पुरतात. ओळ संपली की त्याच नोंदी पुसून पुढची ओळ घ्यावी. काम हळू होते, पण होते. स्तूप भरीव झाला. भन्तेजींना पुन्हा बोलावले, आणि या वेळी स्तूप आतून बाहेर उलटा झालेला होता. मागची आतली भिंत दिसे, पुढची नाहीशी. त्रिकोणाचे तीन बिंदू बाहेरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजायचे, म्हणजे संगणकाला त्याची दर्शनी बाजू कळते, असा संकेत आहे. आम्ही ते उलट्या क्रमाने लिहिले होते, आणि पाठमोरे त्रिकोण वगळण्याच्या आज्ञेने दर्शनी तेवढे वगळले होते. ते नुसते हसले.

उरला प्रकाश. भिंतीवर बॅटरी सरळ धरली तर गोल, लख्ख ठिपका पडतो. तिरपी केली तर ठिपका लांबट होतो आणि मंदावतो, कारण तेवढाच प्रकाश अधिक जागेवर पसरतो. किती मंदावतो, याचा नियम लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० सालच्या ग्रंथात दिला : पृष्ठभागाचा लंब आणि प्रकाशाची दिशा यांतील कोनाचा कोसाइन. कोन ६० अंश असेल तर तेज निम्मे. संगणकाच्या जन्मापूर्वीचा हा नियम आज प्रत्येक त्रिमितीय खेळात सेकंदाला कोट्यवधी वेळा वापरला जातो. आमच्या पडद्यावर रंग होते अवघे १६. आम्ही ते सारे काढून राखाडीच्या १६ छटा भरल्या आणि स्तूपावर सकाळचे ऊन पाडले.

पण प्रत्येक त्रिकोणाला एकच छटा दिल्यामुळे अंड गोल न दिसता पैलू पाडल्यासारखा दिसू लागला. ही खोड घालविण्याचा एक मार्ग हेन्री गुरो यांनी १९७१ साली दिला : छटा शिरोबिंदूंपाशी काढावी आणि मधल्या भागात हळूहळू मिसळत न्यावी. त्यानंतर दोनच वर्षांनी बुई तुओंग फोंग यांनी आपल्या प्रबंधात छटेऐवजी लंबाचीच दिशा मिसळत नेण्याची कल्पना मांडली आणि चकाकीचे सूत्र दिले. चुन्याची भिंत कोठूनही पाहिली तरी सारखीच दिसते. घासलेल्या पितळी तांब्यावरचा चमकता ठिपका मात्र आपण हललो की हलतो. फोंग यांनी या ठिपक्यासाठी कोसाइनचा घात घेतला. ०.९ चा दहावा घात सुमारे ०.३५ येतो, पन्नासावा जेमतेम ०.००५. म्हणजे घात जितका मोठा, तितकी चकाकी लवकर विझते, ठिपका लहान व तीक्ष्ण होतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे सूत्र काटेकोर नाही; डोळ्याला पटणारी ती एक युक्ती आहे, आणि चांगली पुस्तके तसे स्पष्ट सांगतात. फोंग हे १९४२ साली हनोई येथे जन्मलेले. अमेरिकेत शिकायला गेले, १९७५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. त्यांचे नाव आज या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

गुरो यांची रीत वापरल्यावर आमचा स्तूप आतून गुळगुळीत झाला, पण आकाशाच्या बाजूची कड तशीच कोनेदार राहिली. छटा मिसळून त्रिकोणांची संख्या वाढत नाही. जुन्या खेळांतील माणसांची डोकी कडेने कोनेदार का दिसतात, हे वाचकांच्या आता लक्षात आले असेल.

भाषेबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. आम्ही मराठी माध्यमाचे. पुस्तके इंग्रजी. शब्दकोश जवळ होता, आणि अनेकदा त्यानेच घात केला. 'नॉर्मल' या शब्दाला कोशात 'सामान्य' हा अर्थ मिळाला, आणि 'पृष्ठभागाचा सामान्य' म्हणजे काय हे समजून घेण्यात आमचा एक आठवडा गेला. तेथे त्याचा अर्थ लंब असा आहे. आकृतीत काटकोनाची खूण होती, ती आम्ही पाहिलीच नव्हती. 'क्लिपिंग' म्हणजे वर्तमानपत्राचे कात्रण नव्हे, पडद्याच्या चौकटीबाहेर जाणारा भाग छाटणे होय. 'मेश' म्हणजे जाळी, हा मात्र अर्थ नेमका जुळला. यातून आम्ही एक नियम केला : आधी आकृती, मग सूत्र, मग उदाहरण, आणि सर्वांत शेवटी मजकूर. गणिताला माध्यम नसते. आकृती व आकडे समजले की भोवतीचे इंग्रजी अर्धे आपोआप उलगडते. तरीही पहिल्या तीन महिन्यांत आमची चाळीसच पाने झाली. चाळीस पाने कमी आहेत असे तेव्हा वाटे, आता वाटत नाही.

पुस्तके शिळी होतात हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. ओपन-जीएल या प्रणालीचे उदाहरण घ्यावे. ती १९९२ साली आली. जुन्या पुस्तकांत प्रत्येक बिंदू एकेका आज्ञेने पाठविण्याची आणि प्रकाश तयार कळीने लावण्याची जी पद्धत शिकविली आहे, ती २००८ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरविली गेली आणि २००९ मध्ये मुख्य भागातून काढून टाकली गेली. आता शेडर नावाचे लहान प्रोग्रॅम स्वतः लिहावे लागतात. जुने पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला हे कोणी सांगितले नाही, तर तो महिनोन्‌महिने मृत आज्ञा पाठ करतो. पण गंमत अशी की नव्या पद्धतीत मॅट्रिक्स, लंब, कोसाइन, चकाकीचा घात, हे सारे आता स्वतःलाच लिहावे लागते. पूर्वी ते तयार मिळत असे. त्यामुळे जुन्या पुस्तकातील आज्ञांची पाने बाद झाली आणि गणिताची पाने पूर्वीपेक्षा अधिक कामाची ठरली. पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते चाळावे, आणि पानांवर आज्ञा जास्त आहेत की आकृत्या व सूत्रे, हे पाहावे. आमच्या मते आज्ञांच्या पुस्तकाचे छपाईचे वर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गणिताच्या पुस्तकाचे वर्ष पाहण्याची गरज नाही.

कोणते पुस्तक आधी घ्यावे? आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हर्न व बेकर यांचे पुस्तक चालते, जुन्या बाजारात सहज मिळते, आणि त्याची सी भाषेतील आवृत्ती वापरण्याजोगी आहे. मात्र ते परीक्षेच्या अंगाने वाचले जाते, आणि मग मुले रेघ काढण्याची रीत पाठ करतात, पण कधी रेघ काढीत नाहीत. गणिताची भीती असेल त्याने डन व पारबेरी यांचे 'थ्री-डी मॅथ प्रायमर' आधी वाचावे. नवशिक्याला धीर देत पुढे नेणारे इतके चांगले पुस्तक आम्हांला दुसरे मिळाले नाही. फोली-व्हॅन डॅम हा विकत घेऊन सलग वाचण्याचा ग्रंथ नव्हे. तो ग्रंथालयात असावा आणि अडले की उघडावा. आणि ज्याला पहिल्याच आठवड्यात चित्र पाहायचे आहे, त्याच्यासाठी पीटर शर्ली यांचे २०१६ चे 'रे ट्रेसिंग इन वन वीकेंड' हे छोटे पुस्तक आहे. ते विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात ग्राफिक्सची कोणतीही वेगळी प्रणाली लागत नाही. प्रोग्रॅम रंगांचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहीत जातो, आणि ती फाइल उघडली की काचेचे व धातूचे गोळे दिसतात. नाव दोन दिवसांचे आहे. आमच्यापैकी कोणालाही ते दोन दिवसांत जमले नाही.

ज्याला प्रोग्रॅम लिहायचा नाही, केवळ शिल्प घडवायचे आहे, त्याने ब्लेंडर वापरावे. त्याची कथा आपल्या शाळेच्या माणसांना आवडेल. ते बनविणारी कंपनी बंद पडली तेव्हा टॉन रूझेंडाल यांनी २००२ साली लोकांकडून वर्गणी मागितली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, सॉफ्टवेअर सोडवून घेतले गेले आणि त्याच वर्षी सर्वांसाठी खुले झाले. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आपली शाळा कशी उभी राहिली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वर्गणीचे बळ निराळे सांगायला नको. ब्लेंडरमध्येही बटणे बदलतात. पण लंब कोणता, त्रिकोणाची दर्शनी बाजू कोणती, हे ठाऊक असलेला मुलगा किंवा मुलगी नव्या आवृत्तीत हरवत नाही.

आणि वस्तू कोणती करावी, असे कोणी विचारले तर आम्ही घरातली एखादी वस्तू सुचवितो. यूटा विद्यापीठातील मार्टिन न्यूवेल यांना १९७५ साली प्रयोगासाठी एक आकार हवा होता. पत्नीच्या सूचनेवरून त्यांनी चहाची किटली समोर ठेवली, आलेख कागदावर तिची बाह्याकृती काढली आणि बिंदूंचे आकडे वाचून संगणकात घातले. ते आकडे त्यांनी इतरांना वापरू दिले, म्हणून ती किटली जगभरच्या पुस्तकांत शिरली. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या आकड्यांत बूड नव्हते. ते नंतर कोणीतरी बसविले.

वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी पहिली तीन, प्रत्येकी दोन प्रती, आम्ही यंदा शाळेच्या ग्रंथालयाला देत आहोत. एक प्रत कोरी आहे. दुसरी आमची वापरलेली आहे. तिच्या समासात कठीण शब्दांचे मराठी अर्थ पेन्सिलीने लिहिले आहेत, प्रत्येक पुस्तकाचे संकेत पहिल्या कोऱ्या पानावर नोंदविले आहेत, आणि जेथे छपाईत चिन्ह गळाले आहे तेथे ते भरले आहे. हर्न व बेकरच्या प्रतीत ज्या तीन उदाहरणांपुढे प्रश्नचिन्ह दिसेल, ती आम्हांला अजून सुटलेली नाहीत. ज्याला सुटतील त्याने तेथेच समासात उत्तर लिहावे. ग्रंथपालांची परवानगी आम्ही घेतली आहे.